राबणाऱ्या माणसाला हृदयविकार होतो का?

खरिपाची धावपळ सुरू होण्याआधी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे या वेळी एकाच प्रश्नाभोवतीची होती. जन्मभर कष्ट केलेल्या शरीराचे, विशेषतः हृदयाचे आणि नसांचे, पुढे काय होते, हे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. म्हणून इतर विषयांची पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील 58 वर्षांचे आहेत. आमचे सहा एकर कोरडवाहू वावर आहे आणि वखरणीपासून वेचणीपर्यंतचे बहुतेक काम ते स्वतः करतात. अंगाने सडपातळ आहेत, साखर नाही, दारू नाही. दिवसातून तीन-चार वेळा तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र खातात. दिवाळीनंतर कापसाची गाठोडी बैलगाडीत भरताना त्यांच्या छातीवर दडपण आले आणि दरदरून घाम सुटला. गॅस झाला असेल म्हणून ते सोडा पिऊन झोपले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेल्यावर हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याचे कळले. गावात सगळे म्हणतात की हा आजार बसून खाणाऱ्यांचा आहे, राबणाऱ्याला तो होत नाही. मग आमच्या बाबांना कसा झाला? आणि आता त्यांनी शेतीकाम करावे की सोडावे?
— एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपले वडील या झटक्यातून वाचले, याचा मला मनापासून आनंद वाटतो. गावात जे बोलले जाते ते निव्वळ अज्ञान नाही. एके काळी वैद्यकशास्त्रानेही जवळजवळ तसेच सांगितले होते. 1953 साली जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्यांपेक्षा जिन्यावरून वर-खाली करत तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे त्यात दिसले. पुढे 1975 मध्ये राल्फ पॅफेनबार्गर यांनी सॅन फ्रान्सिस्को बंदरातील 6351 गोदी कामगारांची 22 वर्षांची पाहणी मांडली, आणि तिथेही जड काम करणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. व्यायामाने हृदय बळकट होते हे जे आपण आज सहज बोलतो, त्याचा पाया या दोन अभ्यासांनी घातला.

मात्र या अभ्यासांतला बारकावा मागे पडला. मॉरिस यांनीच 1956 मध्ये चालक-वाहकांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर वाहकांपेक्षा जास्त निघाला. म्हणजे फरक कामामुळे पडला, की मुळातच वेगळ्या अंगकाठीची माणसे वेगळ्या कामाला लागत होती, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. पॅफेनबार्गर यांनीही भर दिला होता तो थोड्या वेळासाठी जोर लावून पुन्हा पुन्हा केलेल्या कामावर. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत न थांबता चालणाऱ्या कामाविषयी तो निष्कर्ष नव्हता.

अलीकडच्या अभ्यासांचे चित्र वेगळे आहे. 2018 साली 17 अभ्यासांतील सुमारे 1 लाख 93 हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा जड शारीरिक काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलके काम करणाऱ्यांपेक्षा 18 टक्क्यांनी अधिक आढळला. 2021 साली डेन्मार्कमधील आंद्रेयास होल्टरमन आणि सहकाऱ्यांनी कोपनहेगन परिसरातील 1 लाख 4 हजार लोकांची साधारण दहा वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. मोकळ्या वेळात शरीर हलवणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात कमी होते, तर नोकरीत अतिशय जड काम करणाऱ्यांत ते हलके काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी जास्त होते. या निष्कर्षांवर वादही आहे, आणि तो वाचकांपासून लपवणे योग्य होणार नाही. नॉर्वेतील त्याच वर्षीच्या एका मोठ्या अभ्यासात शिक्षण, उत्पन्न आणि धूम्रपान यांचा हिशेब धरल्यावर कष्टाच्या कामाचा तोटा दिसला नाही, उलट अशा पुरुषांचे आयुष्य थोडे अधिकच भरले. माझे मत असे आहे की नॉर्वेच्या मजुराला ठरलेले तास, पगारी सुट्टी, पोटभर अन्न आणि थंड हवा मिळते. आपल्या भागातील माणसाच्या कष्टाचा विचार करताना यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

कष्ट आणि व्यायाम यांत शरीराच्या दृष्टीने नेमका फरक कुठे पडतो, हे थोडे विस्ताराने सांगतो. अर्धा तास भरभर चालणाऱ्या माणसाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि थांबल्यावर ठोके पूर्ववत होतात व रक्तदाब काही काळ आधीपेक्षाही खाली उतरतो. हृदयाला फायदा होतो तो या चढ-उतारामुळे. डवरणी किंवा वेचणी करणाऱ्या माणसाचे ठोके तितके वर जात नाहीत, पण ते सात-आठ तास खालीही येत नाहीत, आणि घरी आल्यावरही बैल-गोठा, पाणी, सरपण यांत संध्याकाळ जाते. चोवीस तासांचा हिशेब मांडला तर ठोक्यांची आणि रक्तदाबाची सरासरी वाढलेलीच राहते, आणि रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराची झीज त्या सरासरीशी निगडित असते. ओझे उचलताना आपण श्वास कोंडतो, स्नायू आवळून धरतो. त्या काही सेकंदांत रक्तदाब झपाट्याने वर जातो. त्यात ऊन असले की घामावाटे पाणी निघून जाऊन रक्त दाट होते, त्वचेला गारवा देण्यासाठी रक्ताचा मोठा वाटा तिकडे वळतो, आणि उरलेल्या रक्तावर स्नायूंची गरज भागवण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने धावावे लागते.

वयाचा हिशेबही यात धरला पाहिजे, आणि आपल्या वडिलांच्या बाबतीत तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिवसभराच्या कामात माणसाने आपल्या कमाल दमाच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त खर्च करू नये, असे श्रमविज्ञानात मानले जाते. तिशीनंतर हा कमाल दम दर दहा वर्षांना सुमारे दहा टक्क्यांनी घटत जातो. तिशीतील माणसाची क्षमता 100 मानली आणि वखरणीला तिच्यातील 33 लागत असतील, तर साठीच्या उंबरठ्यावर तीच क्षमता 70 ते 75 उरते. वखरणीला मात्र 33 च लागतात, कारण जमीन तीच आहे आणि वखरही तोच. म्हणजे जे काम तरुणपणी एक तृतीयांश दमात होत होते, ते आता जवळजवळ अर्धा दम खाते. बाबांना हे जाणवले असणारच. पण आपल्याकडे थकवा बोलून दाखवणे कमीपणाचे समजले जाते, आणि मदतीला मजूर लावायचा तर मजुरीचा प्रश्न उभा राहतो.

खर्ऱ्याचा उल्लेख आपण ओघात केला आहे. मी तो ओघात सोडणार नाही. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते, ठोके आणि रक्तदाब वाढवते आणि भूकही मारते. सकाळी नुसत्या चहावर वावरात गेलेला माणूस खर्ऱ्याच्या जोरावर दुपारपर्यंत काम ओढतो. त्याला ती ताकद वाटते, पण प्रत्यक्षात उपाशी आणि आवळलेल्या रक्तवाहिन्यांच्या शरीराकडून काम काढून घेतले जात असते. सडपातळ अंगकाठी पाहून रक्तदाब कधी तपासला गेला नसेल, अशी मला शंका आहे. बारीक माणसालाही रक्तदाब असतो आणि तो बहुधा काहीही लक्षण न देता असतो.

आता पुढचे. शेती कायमची सोडण्याची गरज बहुतेकांना पडत नाही, परंतु इकोकार्डिओग्राफी करून हृदयाच्या पंपाची शक्ती किती उरली आहे हे पाहिल्याशिवाय आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वखर हाती धरू नये. सुरुवात सपाट रस्त्यावर रोज थोडे चालण्यापासून करावी आणि ते हळूहळू वाढवावे. गाठोडी उचलणे, विहिरीवर जोर लावणे, भर दुपारची कामे ही सर्वांत शेवटी, आणि शक्य असेल तर कधीच नाही. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची औषधे बरे वाटू लागले म्हणून बंद करू नयेत. हंगामात औषध संपले आणि तालुक्याला जायला सवड झाली नाही, म्हणून दुसरा झटका आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. खर्रा पूर्णपणे बंद झाला पाहिजे, कमी करून चालणार नाही.

एक गोष्ट मला राहून राहून बोचते. आपण लिहिता की सोडा पिऊन ते झोपले. राबणाऱ्याला हृदयविकार होत नाही या समजुतीने होणारे खरे नुकसान हेच आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत जितके लवकर मिळेल तितके हृदय वाचते, आणि बारा तासांनंतर त्याचा उपयोग फारसा उरत नाही. छातीच्या मध्यभागी दडपण, ते डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, घाम, धाप, यांपैकी काही काम करताना सुरू झाले तर 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजी होईल अशा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचावे. गॅस होता की हृदय, हे तिथे ठरेल.

प्रश्न : माझी आई 62 वर्षांची आहे. धानाच्या रोवणीला आणि निंदणाला ती लहानपणापासून जाते. दोन वर्षांपासून तिच्या तळपायांना मुंग्या येतात, हातातून भांडे निसटते आणि अलीकडे ती गोष्टी विसरू लागली आहे. जास्त कष्टाने नसा लवकर म्हाताऱ्या होतात का?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगवेगळी लक्षणे आहेत, आणि त्यांचे कारण एकच असेल असे धरून चालणे धोक्याचे आहे.

कष्टाने नसा सरसकट लवकर म्हाताऱ्या होतात, असे म्हणता येत नाही. वय वाढते तसे पाठीच्या कण्यातून स्नायूंकडे जाणारे चेतातंतू गळत जातात. ज्या स्नायुतंतूंचा तंतू गेला त्यांना शेजारचा तंतू आपल्या फांद्या पाठवून सांभाळतो, आणि असा सांभाळ होत राहिला तर ताकद टिकते. वापरातल्या स्नायूंत हा सांभाळ अधिक चांगला होतो. म्हणून सत्तरीतील कष्टकरी बाई पाण्याची घागर उचलते, आणि त्याच वयाच्या बैठ्या माणसाला खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात.

परंतु त्याच कामातील काही ठरावीक ताण विशिष्ट नसांना इजा करतात. निंदणाला तासन् तास उकिडवे बसल्याने गुडघ्याच्या बाहेरील बाजूला, पोटरीच्या हाडाच्या डोक्याशी, नस दाबली जाते. पायाच्या वरच्या बाजूला बधिरता येते आणि पाऊल वर उचलता न आल्याने चालताना चप्पल घासते. रोवणीत मनगट सतत वाकवून चिमटीने परे लावल्याने मनगटातील नस दाबली जाऊन अंगठा आणि शेजारची बोटे रात्री बधिर होतात, पकड सैल होते; भांडे निसटण्याचे हे एक कारण असू शकते. डोक्यावरच्या भाऱ्यांनी मानेचे मणके झिजले असतील तर तेही हातांवर उतरते. आईंना डॉक्टरांकडे नेताना बधिरता नेमकी कोणत्या बोटांत, पायाच्या वर की तळव्याला, दिवसा की रात्री, हे तिला विचारून लिहून न्यावे. निम्मे निदान त्यातूनच होते.

दोन्ही तळपायांना सारख्या मुंग्या येत असतील तर मात्र मी कामाकडे बोट दाखवण्याआधी रक्तातील साखर आणि ब-12 जीवनसत्त्व तपासायला सांगेन. ब-12 अंडी, मासे, मांस आणि दुधातूनच मिळते. घरात दूध विकले जात असेल आणि आई सर्वांच्या शेवटी उरलेल्या भात-वरणावर जेवत असेल, तर ते कमी पडलेले असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्या अभावाने तळपाय बधिर होतात, तोल जातो आणि विसरही पडतो, आणि वेळीच इंजेक्शने मिळाली तर यातले बरेचसे भरून येते. हिमोग्लोबिनही बघून घ्यावे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यात आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे असल्याने घरात कुणाला तो असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रक्त कमी असलेल्या बाईचे हृदय तेच काम करण्यासाठी जास्त वेगाने धडधडते.

विसरण्याविषयी जगभरातील माहिती दोन टोकांची आहे आणि ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. नॉर्वेमध्ये 2023 साली प्रसिद्ध झालेल्या सात हजार लोकांच्या अभ्यासात वयाच्या तेहतिशीपासून पासष्टीपर्यंत सतत मध्यम ते जड शारीरिक काम केलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका हलके काम केलेल्यांपेक्षा जास्त आढळला. दुसरीकडे बोलिव्हियाच्या जंगलात राहणारे त्सिमाने लोक आहेत. तिथले पुरुष दिवसाचे सहा-सात तास शिकार, मासेमारी आणि शेतीत शरीर हलवत असतात. तरीही 2017 च्या अभ्यासात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचण्याचे प्रमाण तोवर नोंदलेल्या सर्व लोकसमूहांत सर्वांत कमी निघाले, आणि 2021 च्या अभ्यासात त्यांचा मेंदू वयानुसार आकसण्याचा वेग युरोप-अमेरिकेतील लोकांपेक्षा बराच मंद आढळला. मला यातून असे दिसते की शरीराच्या हालचालीने मेंदूचे नुकसान होत नाही. त्सिमाने माणूस थकला की थांबतो आणि काम कधी, किती करायचे हे स्वतः ठरवतो. तंबाखू, मीठ आणि वाढलेला रक्तदाब यांची साथ त्याच्या कष्टाला नसते.

आपल्याकडे ती साथ आहे. गडचिरोलीच्या ग्रामीण भागात ‘सर्च’ या संस्थेने गावोगावच्या मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पक्षाघात, म्हणजे लकवा, हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले; साधारण दर सात मृत्यूंमागे एक. धान आणि जंगल यांवर जगणारे, कष्टाला न चुकणारे हे लोक आहेत. मोठा झटका येण्याआधी वाढलेला रक्तदाब मेंदूतील सुतासारख्या बारीक वाहिन्या वर्षानुवर्षे बंद करत जातो, आणि घरच्यांना ते वयाचे विसरणे वाटते. म्हणून आईंचा रक्तदाब आधी मोजून घ्या. तिशीनंतरच्या सर्वांची रक्तदाब आणि मधुमेह तपासणी उपकेंद्रावर मोफत होते. आशाताईंना विचारले तर दिवस कळेल. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही 140/90 किंवा त्याहून अधिक भरला तर गोळी सुरू करण्यात हयगय करू नये. अचानक तोंड वाकडे होणे, एक हात गळणे, बोलणे अडखळणे असे झाले तर मात्र तपासणीची वाट पाहू नये. सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात साडेचार तासांच्या आत पोहोचलेल्यालाच सहसा गुठळी विरघळवण्याचा उपचार देता येतो.

रोवणी सुटणार नसेल तर निंदणाला उकिडवे बसण्याऐवजी चार बोटे उंचीचे लाकडी पाटले घेऊन बसावे, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी उभे राहून पाय मोकळे करावेत.

प्रश्न : मी 34 वर्षांचा असून बाजारात हमाली करतो. दिवसभर पोती वाहिल्यावर मला वेगळा व्यायाम करण्याची गरज आहे का? मित्र म्हणतो संध्याकाळी पळायला ये.
— एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : हाच प्रश्न डेन्मार्कमध्ये 116 सफाई कामगारांवर चाचणी करून विचारला गेला होता. त्यांना चार महिने धाप लागेल असा व्यायाम दिला गेला. त्यांचा दम वाढला, म्हणजे रोजचे काम त्यांच्या क्षमतेच्या मानाने हलके झाले, ही चांगली गोष्ट. परंतु त्यांचा चोवीस तासांचा वरचा रक्तदाब थोडा वाढलेला आढळला. आधीच थकलेल्या शरीरावर आणखी ताण टाकल्याचा तो परिणाम असावा असे संशोधकांनी मानले. म्हणून मी आपल्याला हमालीच्या दिवशी संध्याकाळी पळायला सांगणार नाही. बाजार बंद असलेल्या दिवशी सकाळी अर्धा तास भरभर चाला किंवा सायकल चालवा. कामाच्या दिवशी झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका.

पोते उचलताना श्वास रोखू नका, उचलताना तोंडाने सोडा. जड वजन पायांनी रेटणाऱ्या तरुण शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून 1985 साली मापन केले गेले, तेव्हा काही क्षणांपुरता वरचा रक्तदाब 300 च्याही पुढे गेल्याची नोंद झाली. तरुण, निरोगी वाहिनी ते सोसते. चाळिशीनंतर, रक्तदाब न तपासता, तोच झटका रोज शंभर वेळा देणे ही वेगळी गोष्ट आहे. आपण आज 34 चे आहात, म्हणून हे आताच लिहितो.

प्रश्न : फवारणीनंतर हात थरथरतात आणि छातीत धडधडते. हे थकव्याने होते का?
— एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : हे थकव्याने होते असे समजू नका. कीटकनाशकांतील ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषधे शरीरातील अॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर अडवतात, त्यामुळे नसांचे संदेश थांबायचे तेव्हा थांबत नाहीत. हाताची थरथर, बारीक झालेली बुबुळे, तोंडाला सुटलेले पाणी, घाम, छाती भरून येणे, ठोक्यांची लय बिघडणे हे सारे त्यातूनच होते. विष त्वचेतूनही शिरते, आणि विकर पूर्ववत होण्याआधी दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतला तर परिणाम साचत जातो. काही औषधांमुळे दोन-तीन आठवड्यांनी पायांच्या नसाही निकामी होऊ शकतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, हे आपण विसरता कामा नये. असा त्रास पुन्हा झाला तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या आणि तडक रुग्णालय गाठा. बाटलीवरचे नाव पाहून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो. उंच झालेल्या कपाशीत वाऱ्याच्या उलट दिशेने आणि भर उन्हात फवारणी करू नका, आणि फवारताना खर्रा तोंडात टाकायला हात वर नेऊ नका.

प्रश्न : माझ्याकडे वेचणीला पंधरा-वीस बाया येतात. त्यांनी दुपारी विसावा घ्यावा असे मलाही वाटते, पण काम मागे पडेल अशी भीती वाटते आणि त्याही थांबत नाहीत. विश्रांती नेमकी किती द्यावी?
— एक शेतकरी, देवळी तालुका, जि. वर्धा

उत्तर : या पत्राबद्दल मी आपला आभारी आहे, कारण वरच्या चारही उत्तरांत जे औषध मला लिहून देता आले नाही ते आपल्यासारख्यांच्या हातात आहे. एल साल्वाडोरमध्ये उसतोड कामगारांना पाणी, हलवता येणारी सावली, ठरलेल्या वेळी विश्रांती आणि सुधारित कोयते देऊन पाहिले गेले. विश्रांतीमुळे तोड घटेल अशी भीती तिथेही होती. पण 2016 साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार दर माणशी दिवसाची तोड 5.1 टनांवरून 7.3 टनांवर गेली. त्यात नव्या कोयत्यांचाही वाटा आहे, हे मान्य करूनच मी हा आकडा देतो.

थंडीतल्या वेचणीत दर दोन तासांनी पंधरा मिनिटे बसणे आणि जेवणाची पुरी सुट्टी एवढे पुरेसे होते. ऊन तापले की दर तासाला दहा मिनिटे सावली आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी. पाण्याची घागर धुऱ्यावर एका टोकाला असेल तर बाया उठून जात नाहीत. ती ओळींच्या मध्ये, वेचणी सरकेल तशी सरकवत ठेवावी. उन्हाळी कामावर नव्याने आलेल्या बाईला पहिला आठवडा निम्मेच काम द्यावे, कारण उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. पाणी कमी पिण्यामागे बहुतेक वेळा आडोशाची अडचण असते, हे पुरुष मालकांच्या लक्षात येत नाही. चार बांबू आणि जुनी ताडपत्री एवढ्याने ती दूर होते.

त्या थांबत नाहीत याचे कारण आपल्यालाही माहीत आहे. वेचणीची मजुरी किलोवर असते, आणि बसलेल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे त्यांच्या पदरचे जातात. त्यामुळे नुसते ‘बसा’ म्हणून कोणी बसणार नाही. विश्रांतीच्या वेळेचे पैसे दरात धरावे लागतील. दुसरे, कापूस संध्याकाळी एकदाच मोजण्याऐवजी दुपारी आणि संध्याकाळी असा दोनदा मोजावा. प्रत्येकीच्या पाठीवरचे गाठोडे निम्मे होते, आणि काटा मांडून वीस जणींचा कापूस मोजेपर्यंत प्रत्येकीला अर्धा तास सावलीत बसायला मिळते.